रघूला बघायला आले तेव्हा

गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी, राजाजीनगरमधल्या आमच्या घरी रघू नावाचा कुत्रा चालून दाखवण्याच्या परीक्षेत नापास झाला. परीक्षक पुण्याचे होते.

रघू आमचा नव्हता. यशवंतपूरच्या घाऊक बाजाराबाहेर एका लॉरीने त्याच्या मागच्या उजव्या पायाचं हाड मोडलं. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका मंडळाने शस्त्रक्रिया करवली आणि पाय बरा होईपर्यंत त्याला आमच्याकडे सांभाळायला दिलं. घरमालकांची परवानगीही तेवढ्यापुरतीच होती. (ही अट त्यांनी रघूसमोर कन्नडमध्ये सांगितली. आमच्या घरी आल्यावर रघूला मराठी शिकावं लागलं. कन्नड त्याला आधीपासून येत होतं.) तोवर कायमचं घर मिळालं नाही, तर पुन्हा तोच बाजार आणि त्याच लॉऱ्या.

डॉक्टरांच्या सूचना स्पष्ट होत्या. उड्या नाहीत, जिना नाही, ठरलेल्या खाण्याशिवाय तोंडात काही नाही. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करत असल्यामुळे नातेवाइकांच्या ग्रुपवर कळवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, "रघूवरील शस्त्रक्रिया यशस्वी. प्रकृती स्थिर." आमच्या धंद्यात 'प्रकृती स्थिर' छापलं की वाचक काय समजतो, हे मला माहीत असायला हवं होतं. संध्याकाळपासून माणसं यायला लागली!

आजाऱ्याला रिकाम्या हाताने भेटायचं नाही, ही रीत आमच्या पूर्वजांनी काही शतकांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येताना बरोबर आणली. भाषेत कन्नड मिसळलं, रीत मात्र शुद्ध राहिली. पहिली आली शारदाक्का, पलीकडच्या गल्लीत राहणारी माझी मावसबहीण. एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात खारी बिस्किटांचा डबा.

"अय्यो, पाय कसा उचलून धरलाय बघ लेकराने! घे राजा, स्वल्प खा."

"अक्का, डॉक्टर नको म्हणालेत."

"त्यांना म्हणायला काय जातंय? त्यांचा मोडलाय का पाय?"

रघूने पाय उचलला की डबा उघडायचा. टेकवला की "बरा दिसतोय आता" म्हणून डबा बंद व्हायचा. रघूने दोन्ही घटनांची नोंद घेतली.

गर्दी आवरावी म्हणून मी दुसरं पत्रक काढलं, "भेटीगाठी टाळाव्यात." त्यावरून प्रकृती खालावल्याचा निष्कर्ष काढण्यात आला आणि म्हैसूरहून गाडी करून चुलत घराणं आलं! आईने सर्व पक्षांना मऊ भात, मेतकूट आणि वर तूप वाढलं. रुग्णालाही.

यथावकाश एक्स-रे निघाला. हाड जुळलं होतं. दवाखान्यात (तिथे कोणी काही देत नाही) रघू सरळ चालला. घरी परतताच, फाटकापाशी शारदाक्का दिसली आणि तो लंगडू लागला. "प्रवासाचा शीण," आई म्हणाली. मीही तसंच कळवलं.

मग स्थळ आलं. सायली आणि कौस्तुभ, दोघं आयटीत, मूळचे कोथरूडचे. आईने रघूला आंघोळ घातली, गळ्यात नवा पट्टा बांधला आणि कांदे चिरायला घेतले.

"आई, ते कुत्रा बघायला येतायत," माझी बायको वसुधा म्हणाली.

"बघायलाच येतायत ना? मग पोहे नकोत?"

शारदाक्का न बोलावता आली. मुलीकडच्यांच्या खुर्चीवर बसली.

"ॲक्च्युअली हिस्ट्री सगळी कळलीय आम्हाला," सायली पोहे खात म्हणाली. "फक्त तो पायाचा इश्यू... जरा चालून दाखवेल का?"

स्वयंपाकघरातला झारा थांबला. "मलाही असंच चालायला लावलं होतं," आतून आईचा आवाज आला. "आणि मामंजी स्वतः फेंगडे चालायचे!"

रघूला बाहेर आणलं. त्याने पाहुणे पाहिले, पोह्यांच्या बशा पाहिल्या, शारदाक्काच्या मांडीवरचा डबा पाहिला. मग तो जो लंगडला, तसा अपघाताच्या दिवशीही लंगडला नसेल! दर दोन पावलांनी थांबून तो सायलीकडे बघत होता. शारदाक्काने डोळे पुसले.

"काका, ऑपरेशन कुठल्या पायाचं होतं?" कौस्तुभने विचारलं.

"मागचा उजवा," मी अचूक माहिती दिली.

"मग हा डावा का उचलतोय?"

सगळ्यांनी पाहिलं. रघूनेही मागे वळून पाहिलं आणि पाय बदलला.

"आम्ही कळवतो," सायली म्हणाली.

ते गेल्यावर आई रघूच्या शेजारी जमिनीवरच बसली. "कळवतो म्हणजे गेलं रे, बाळा," ती म्हणाली. त्या दिवशी डबा घरात असूनही कोणी उघडला नाही.

कौस्तुभ मात्र पुण्याचा असल्यामुळे त्याचा आमच्यावर विश्वास नव्हता. त्याने परस्पर डॉक्टरांना फोन केला. "कुत्र्याच्या पायात दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या घरात आहे." आठवड्याच्या आत ते रघूला घेऊन गेले. अट एकच होती. आमच्यापैकी कोणीही, आणि शारदाक्काने तर मुळीच, महिनाभर भेटायला यायचं नाही.

महिन्याने मला एकट्याला परवानगी मिळाली. सोबत खाण्याचं काही आणायचं नाही, असं बजावलं होतं.

दार सायलीने उघडलं. "आत्ताच गच्चीवर मस्त पळून आलाय," ती म्हणाली. रघू आतून भरधाव आला. मला पाहून थांबला आणि त्याने पुढचा पाय उचलला.

मी दोन्ही रिकामे हात दाखवले.

त्याने पाय खाली ठेवला आणि तो आत निघून गेला.