रोडग्यांच्या पंगतीत

माझ्याकडे मनाचं दुखणं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत सांगते, की बाहेर दिसलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही दाखवा. आजवर कुणालाच तसं वाटलेलं नाही. वर्धा काही मोठं शहर नाही. माझ्याशी बोलताना दिसलं, की लोक लगेच 'डोक्यावर परिणाम झाला का' विचारतात. त्यामुळे बाजारात कितीतरी जणांची दुखणी मनात ठेवून मी मुकाट्यानं वांगी निवडते.

एक कॉलेजातली मुलगी येत होती. मामीनं भरल्या घरात "किती खाते वं" म्हटलं, तेव्हापासून तिनं चारचौघांत जेवणं सोडलं होतं. सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभ्यानं चार घास. चक्कर येऊन पडली, तर घरच्यांनी उपासावर खापर फोडलं. एकदा पंगतीत बसून पोटभर जेवायचं, एवढंच आम्ही ठरवलं होतं. तिला ते परीक्षेपेक्षा अवघड वाटत होतं.

पुलगावच्या वाटेवरच्या एका शेतात माझ्या घरमालकीणबाईंच्या नवसाचे रोडगे होते; गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, सोबत वरण, भाजी आणि तूप. मी पंगतीत बसले आणि पाहते तर समोरच्या ओळीत ती. दोघींनीही माना खाली घातल्या. तिनं रोडगा कुस्करून वरण घेतलं होतं, पण हात ताटातच थांबला होता.

तूप आलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या मालकीणबाईंच्या नणंदेनं वाढप्याला अडवलं. "ताईले तूप नोको वाढू. पहिलेच किती सुटल्या पाहा."

आजूबाजूचे हसले. नणंदेच्या मनात वाईट नव्हतं; आमच्याकडे मायेनंही असंच बोलतात. तरी माझे कान तापले. अशा बोलण्याला काय उत्तर द्यायचं ते मी रोज दुसऱ्यांना शिकवते, त्यातलं एक आठवेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. एवढ्या माणसांत माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, त्याचं जास्त वाईट वाटलं. उठून जावंसं वाटलं. मुलगी माझ्याकडेच पाहत होती. मी उठले असते तर तीही उठली असती, आणि पुन्हा कुठल्या पंगतीत बसली नसती.

"वाढा," मी म्हटलं. "मले तूप आवडते."

मग जेवले. चव काही कळली नाही. वर बघायची सोय नव्हती, तिला ती तपासणी वाटली असती. ताटातल्या भाजीवर नजर ठेवून घास गिळत राहिले. थोड्या वेळानं समोरून तिचा आवाज आला.

"काका, इकडं भाजी आणा. अन् अजून एक रोडगा."

हात धुताना नळावर ती माझ्या शेजारीच होती. ओळख न दाखवता मैत्रिणींकडे निघून गेली. बरोबरच केलं तिनं. पण एकदा हसली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

घरी येऊन कुलूप काढलं. कुणाला तरी सांगावं म्हणून फोन हातात घेतला. सांगता येईल असं एकही माणूस नव्हतं. मग चप्पलसुद्धा न काढता मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हटलं, "आज पोरगी पोटभर जेवली."