गाण्यावर चालणारी मोट

माझे वडील नगरपालिकेच्या बागेत माळी होते. प्रवरेच्या काठचं आमचं तालुक्याचं गाव, आणि गावात सार्वजनिक बाग ही एकच. मध्ये गोल दगडी चौथरा, त्याच्याभोवती मोगऱ्याचे वाफे, कडेने कडुनिंब आणि बुचाची झाडं, मागच्या कोपऱ्यात विहीर. विहिरीला लागून आम्हाला राहायला दोन खोल्या दिलेल्या होत्या.

आम्ही मूळचे मिरजगावकडचे कोरडवाहू शेतकरी. वडिलांना मोट चांगली हाकता येते, एवढ्या एका गुणावर कुणीतरी शब्द टाकला आणि त्यांना ही नोकरी लागली. त्या नोकरीमुळे मला इंग्रजी शाळा मिळाली. आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंतच होती, आणि आमच्या घराण्यात तिथवरही कुणी गेलेलं नव्हतं. पुढे मी बी.ए. झालो, शिक्षक झालो. पण त्या एका उन्हाळ्यात हे सगळं हातचं जायची वेळ आली होती, आणि ती टळली कशी, हे आठवलं की मला अजून हसू येतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत संध्याकाळी सगळं गाव बागेत असे. बाया मुलांना न्हाऊमाखू घालून आणत. कुणाच्या हातात पन्ह्याची कळशी, कुणाच्या पदराखाली चिवड्याचा डबा. राजूरकडच्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन फाटकाशी बसत. निंबाखाली ड्रॉइंग मास्तर मुलांकडून चित्रं काढून घेत आणि ती दोरीला टाचणीने लावून ठेवत, म्हणजे आईबापांना फिरत फिरत बघता यावीत. कधी लेझीम, कधी गोष्टी, कधी बायकांची गाणी, कधी एखाद्या हौशी मंडळाचा नाटकातला प्रवेश. युद्धाचे दिवस होते, रॉकेल मापाने मिळायचं. गॅसबत्त्या लावणं परवडणारं नव्हतं, म्हणून सगळे कार्यक्रम पाच वाजता सुरू होऊन दिवस मावळायच्या आत संपत.

नेमकी तीच वेळ वडिलांच्या मोटेची.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. बैल विहिरीपासून उताराच्या धावेवर खाली चालत गेले की ती भरून वर येते आणि आपोआप रिकामी होते. पाणी पाटाने वाफ्यांकडे जातं. मग बैल पाठमोरी पावलं टाकत वर येतात आणि मोट पुन्हा विहिरीत उतरते. बैलाला पुढे चालवणं कुणालाही जमतं, मागे चालवणं कठीण. वडिलांनी आपल्या जोडीला ते गाण्यावर शिकवलं होतं. ओळ सुरू झाली की पांढरा आणि तांबडा दोघे खाली निघत. ओळीच्या शेवटी वडील ‘हो’ लांबवत, त्यावर ते मागे येत. आसूड त्यांनी कधी वापरला नाही. गाणी त्यांची त्यांनीच जुळवलेली असत. ‘पाटाच्या पान्या, जा रं मोगऱ्याच्या गावा’ ही एक ओळ मला पक्की आठवते, कारण ती रोज असायची. बाकीच्या त्या त्या दिवशीच्या.

मे महिन्यात विहिरीला पाणी बेताचं. सकाळचं पाणी फाटकाजवळच्या हौदात आणि झाडांना जाई. दिवसभरात झऱ्याने जे पुन्हा साठे ते संध्याकाळी मोगऱ्याला. अंधार पडल्यावर बैलांना विहिरीच्या तोंडाशी पाठमोरं आणणं धोक्याचं, म्हणून तेही उजेडातच उरकावं लागे.

सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात एक बाई चौथऱ्यावर बसून फार हळुवार आवाजात अंगाई म्हणत होत्या. त्याच वेळी विहिरीकडून वडिलांनी आवाज चढवला. लोकांच्या माना एकदम मागे वळल्या. दोनतीन पोरं उठून धावेकडे पळाली. बाईंनी अंगाई कशीबशी पुरी केली.

उन्हाळी कार्यक्रमांचे चिटणीस एक निवृत्त शिरस्तेदार होते. बागेची देखरेखही नगरपालिकेने त्यांच्याकडेच सोपवलेली होती. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. ते काठी टेकत विहिरीपाशी आले.

“माळीबुवा, आज तुमचं गाणं ठेवलेलं होतं का?”

“न्हाई जी.”

“मग? मोट चालू द्या, तिला कोण नाही म्हणतंय? पण कार्यक्रमाच्या वेळी तोंडातून आवाज नको.”

“जी,” वडील म्हणाले.

झालं. दुसऱ्या दिवशीपासून बैल धावेवर उभे, आणि वडील मुके. त्यांनी जिभेने टकटक केलं, पाठीवर थाप मारली, शेपट्या पिळल्या. बैल चार पावलं उतरत आणि थांबत. पाठमोरं यायचं तर नावच नाही. एकदा मी पाहिलं, वडील पांढऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन हळूच गुणगुणत होते. त्याने माशी उडवावी तसा कान हलवला, बस.

आई भांडी घासत हे बघत होती. ती म्हणाली, “बैलाच्या कानात सांगताय, त्यापरीस रावसाहेबांच्या कानात सांगा की.”

“काय सांगू? माजं बैल गान्याबिगर हालत न्हाईत म्हनून? हसतील समदी. कामचुकार हाय म्हनतील.”

“हसू द्या की. हसून कुनाचं काय जातंय?”

“हुकूम झालाय तेंचा,” वडील म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला.

आमच्यासारख्या माणसांची ही चूक मला पुढे आयुष्यात फार वेळा दिसली. वरच्याने हुकूम दिला की तो पाळायचा. तो पाळण्यात अडचण काय आहे, हे त्याला सांगायचं असतं, हे आम्हाला ठाऊकच नसतं. रावसाहेब काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना बैलांचं माहीत नव्हतं, एवढंच.

आठ दिवसांत मोगऱ्याची पानं मुरगळली. कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडू लागल्या. रावसाहेबांनी वाफ्यात काठी टोचून पाहिली, ती टणकन वाजली.

“माळीबुवा, विहिरीला पाणी आहे, बैल धष्टपुष्ट आहेत, तुम्हीही आहात. मग वाफा कोरडा कसा?”

वडील वाकून वाफ्यातली वाळकी पानं वेचू लागले.

“रविवारी मुलांच्या गाण्यांचा मोठा कार्यक्रम आहे. सगळं गाव येणार. त्यानंतर मात्र मला दुसरा माणूस पाहावा लागेल. मग तक्रार करू नका.”

त्या संध्याकाळी जेवताना वडील आईला म्हणाले, “गावाकडं जावं लागंल आता.”

आईने माझ्याकडे पाहिलं. “आन ह्याची शाळा?”

मी भाकरी नुसती मोडत राहिलो. रावसाहेबांकडे आपणच जावं असं मनात येई. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलोही, आणि दोन्ही वेळा त्यांच्या ओट्यावरची माणसं बघून परत आलो. मीही त्याच बापाचा मुलगा होतो.

रविवार आला. मुलांच्या गाण्यांत मीही होतो. आमच्या शाळेचे गायन मास्तर अंगाने किडकिडीत, पण तालाच्या बाबतीत फार कडक. पोरगं अर्धी मात्रा चुकलं तरी त्यांच्या कपाळावर आठी पडे. चौथऱ्यासमोर जाजमं अंथरली होती. पुढे खुर्च्या, मधल्या खुर्चीत नवा कोरा जोडा घालून रावसाहेब. वडिलांना फाटकाशी पाण्याच्या रांजणाजवळ उभं केलं होतं. कार्यक्रम लवकर संपलाच तर उजेड आहे तोवर दोनचार मोटा ओढून बघू, म्हणून त्यांनी बैल जुंपूनच ठेवले होते.

आम्ही तिसरं गाणं सुरू केलं. मास्तरांनीच मुलांसाठी रचलेलं, चालीला उडतं. माझी जागा मागच्या रांगेत, उंच पायरीवर. तिथून लोकांच्या डोक्यांवरून मला थेट धाव दिसत होती. पहिली ओळ निघाली आणि पांढऱ्याने कान टवकारले. दुसऱ्या ओळीला दोघे चालू लागले. विहिरीवरचं मोटेचं चाक करकरलं. मोट वर आली, पाणी पडलं. ओळीच्या शेवटी आम्ही सूर लांबवला, आणि बैल मागे, अगदी शहाण्यासारखे, एकेक पाऊल टाकत वर आले.

ओरडून वडिलांना सांगावं असं वाटलं. पण पाटातून पाणी मोगऱ्याकडे निघालेलं दिसलं, आणि मला एवढंच कळलं की आपण थांबलो तर तेही थांबतील. मी जिवाच्या आकांताने गाऊ लागलो. शेजारचा पोरगा कोपराने ढोसू लागला. मास्तरांनी माझ्याकडे डोळे वटारले. मी आवाज आणखी चढवला.

पहिला वाफा भरला. दुसरा भरला. पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला पाटावर कुणीच नव्हतं, तेव्हा ते बांध ओलांडून जाजमाखाली शिरलं. आधी एक बाई लुगडं सावरत उठली. मग तिच्याशेजारची.

“अगं, हे गार काय लागतंय?”

“तुझ्या पोरानं केलं असेल काहीतरी.”

“माझं पोर कडेवर आहे. तुझंच बघ.”

तेवढ्यात सगळ्यांना पाणी दिसलं. पोरांनी त्यात उड्या घ्यायला सुरुवात केली. रावसाहेबांनी पाय वर घेतले, पण नव्या जोड्याने तोवर पाणी पिऊन घेतलं होतं. मास्तरांची लोकांकडे पाठ. त्यांना फक्त गलका ऐकू येत होता. ते टाळी देत दातांतल्या दातांत म्हणत होते, “लक्ष देऊ नका. कडवं पुरं करा. कडवं पुरं करा.”

आम्ही कडवं पुरं केलं. बैल थांबले. तेव्हा पुढच्या जाजमावरचं एक पाचसहा वर्षांचं पोर मोठ्याने म्हणालं, “मास्तर, अजून म्हणा ना. बैल थांबले.”

सगळ्या माना विहिरीकडे वळल्या. वडील फाटकाकडून धावत येत होते. ते रावसाहेबांपुढे हात जोडून उभे राहिले. मग आईच पुढे झाली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, “रावसाहेब, ती जोडी गान्यावर चालती. सांजचं गानं बंद झालं तवापासून सांजंला पाऊल उचलत न्हाईत. म्हून मोगरा वाळला. ह्यांचा आळस न्हाई त्यात.”

“गाण्यावर?” रावसाहेब म्हणाले. “काहीतरीच काय?”

मास्तर आता पूर्ण वळले होते. त्यांनी धावेकडे निरखून पाहिलं आणि आमच्याकडे बोट केलं. “मुलांनो, दुसरं कडवं. सावकाश.”

आम्ही म्हटलं. बैल निघाले, मोट आली, बैल मागे फिरले. लोक हसता हसता जाजमावरून उठून उभे राहिले. वडील तेवढ्यात पाटाकडे धावले आणि त्यांनी पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. रावसाहेबांनी ओल्या पायाने जाऊन वाफ्यात काठी खुपसली. ती वीतभर आत गेली. काठी वर काढून तिचं टोक त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“माळीबुवा, हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“बैलाचं गाऱ्हानं तुमच्याफुडं कसं आनावं, रावसाहेब?”

“मग आणायचं कुणापुढे? बैलांचा चिटणीस वेगळा आहे का?” ते म्हणाले, आणि स्वतःच हसले. “दुसरा माणूस कशाला शोधू मी? आणि शोधला तर त्याला गाता यायला हवं. राहा तुम्ही.”

आईने तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी तोड काढली. चित्रं, गोष्टी, लेझीम चौथऱ्यापाशी. गाण्याची तालीम मात्र धावेच्या कडेला. तो उरलेला सगळा मे महिना आमच्या शाळेच्या गाण्यांनी नगरपालिकेचा मोगरा भिजला. कोणत्या गाण्यावर पाणी जास्त येतं हे गावातली माणसं बाकावर बसून ठरवू लागली. प्रार्थनेवर बैल अजिबात हलत नसत. त्यांना उडती चाल लागे.

पहिल्या दोन दिवसांत एक अडचण आली. बाकीच्या गाण्यांत आम्ही पुढची ओळ लगेच धरत होतो, आणि बैल मागे येता येता मध्येच अडकत. वडील बराच वेळ डोकं खाजवत उभे राहिले. मग त्यांनी मुंडासं सारखं केलं आणि मास्तरांपाशी गेले.

“मास्तर, एक सांगू का?”

“सांगा की.”

“हितं वाईच लांबवा. तेंला मागं यायला येळ लागतो.”

अर्ध्या मात्रेसाठी पोरांचे कान पिळणारा तो माणूस. मास्तरांनी बोटांवर काहीतरी मोजलं, एकदा बैलांकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे.

“चार मात्रा पुरतील?”

“म्हनून बगा,” वडील म्हणाले.