वीसपैकी अकरा

आमच्या घरी एकदा बासुंदी खाली लागली. पाहुणे येऊन बसले होते, दुसरं काही करायला वेळ नव्हता, म्हणून बायकोने तीच वाढली. एका पाहुण्याने वाटी दुसऱ्यांदा पुढे केली आणि म्हणाला, "वहिनी, हा जो धुरकट स्वाद उतरलाय ना, तो मुद्दाम आणू म्हटलं तरी साधत नाही." बायको हसली. पण भांडी आवरताना मला म्हणाली, "या भिलाईत मले खरं सांगणारा एक माणूस नाही."

तो पाहुणा म्हणजे माझा मित्र, रोलिंग मिलमधला अधिकारी. पोलाद कारखान्याने त्याला काही महिने रशियात ट्रेनिंगला पाठवलं होतं. तसे रशियात जाऊन आलेले टाउनशिपमधल्या आमच्या सेक्टरात पुष्कळ होते. ते येताना केसाळ टोपी आणि एकीच्या पोटात दुसरी बसणाऱ्या लाकडी बाहुल्या आणत. याने त्यासोबत रेड वाइनची एक बाटलीही आणली आणि ती शोकेसमध्ये, लेबल पुढे करून, उभी केली. तीन वर्षांत ती कधी उघडली गेली नाही. तिच्या चवीचं वर्णन मात्र आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं: आधी चेरी, मग ओली माती, आणि शेवटी ओकच्या लाकडाचा हलका वास. आम्ही चेरी खाल्ली होती ती डब्यातलीच, आणि ओक तर कुणी पाहिलाही नव्हता. बाटली फ्रिजमध्ये ठेवा असं कुणी सुचवलं, की तो दयेने बघायचा आणि म्हणायचा, "रेड वाइन रूम टेम्परेचरलाच ठेवतात." ज्या देशात हा नियम झाला, तिथल्या लोकांना भिलाईच्या मे महिन्यातली खोली कुणी दाखवली नसावी.

आमच्या घरात वाइन आली ती वेगळ्या वाटेने. समोरच्या क्वार्टरमधल्या केरळी बाई ख्रिसमसला केकसोबत घरी केलेल्या द्राक्षाच्या वाइनचे छोटे ग्लास पाठवत. बायकोने त्यांच्याकडून कृती घेतली. द्राक्षं महाग पडतात म्हणून तिने जांभळं घेतली, साखर आणि मूठभर गहू घातले, आणि सगळं चिनी मातीच्या बरणीत घालून वर फडकं बांधलं. दारू आमच्याकडे चालली नसती, कारण देवघर आणि बैठकीची खोली यांत एकच भिंत होती. पण माझी आई राहायला आली तेव्हा तिने बरणीत काय आहे असं विचारलं, आणि "जांभळाचं आसव" असं उत्तर मिळाल्यावर ती निश्चिंत झाली. घरातल्या औषधांच्या कपाटात आसवं होतीच. ती चढतात असं कुणी म्हणत नसे.

वाइन गाळून झाल्यावर पहिला ग्लास केरळी बाईंकडे गेला. "बहुत अच्छा है," त्या म्हणाल्या. शेजाऱ्यांचं नवं बाळ पाहिल्यावर म्हणतात, त्या सुरात. बायको परत आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"त्या छान म्हणतीन, तुम्ही छान म्हणसान, भाऊजी लोक तर वा वा करतीन," ती म्हणाली. "मग मले समजावं कसं, जमली का नाही ते? नसन जमली तर पुढच्या वर्षी जांभळं कावून वाया घालवू?"

उपायही तिनेच काढला. मी कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यावर भट्टीचं किंवा शिफ्टचं नाव नसे, फक्त नंबर असे. ओळखीच्या माणसाचा नमुना आला की तपासणाऱ्याचा हात उगाच मऊ होतो, हे मी घरी अनेकदा सांगितलं होतं. "तसंच करा," ती म्हणाली. "कोणती कोणाची, ते मी कोणाले सांगणार नाही. तुमाले बी नाही."

मित्राला हे फार आवडलं. आपली बाटली अखेर उघडायला तो चटकन तयार झाला, कारण तीन वर्षं सांगत आलेली गोष्ट आता सिद्ध होणार होती. तिसरी बाटली आणली आमच्या गार्डसाहेबांनी. ते मालगाडीवर गार्ड, राहायला भिलाई-3 या वस्तीत, आणि माझ्या सासुरवाडीकडचे. त्यांनी दुर्गच्या दुकानातून गोड पोर्ट वाइन घेतली होती.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मागच्या अंगणात आम्ही चौघं बसलो: मी, गार्डसाहेब, मित्र आणि त्याची बायको. माझ्या बायकोने आत तिन्ही वाइन तीन स्टीलच्या जगांत ओतल्या आणि बाहेर आणले ते फक्त चहाचे काचेचे ग्लास. क, ख आणि ग. मित्राने गुणांची पद्धत समजावली: रंग, वास, चव आणि फिनिश, प्रत्येकी पाच. तोंड कोरं राहावं म्हणून सोबत नुसता ब्रेड हवा, असं त्याने बजावलं होतं. बायकोने ब्रेड ठेवला आणि शेजारी कोथिंबीर भरून तळलेल्या सांबारवडीचं ताट ठेवलं. ब्रेड शेवटपर्यंत तसाच राहिला.

"फिनिश म्हणजे काय जी?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते."

"मंजे गाडी गेल्यावर फाटक किती वेळ बंद राहते, तसं."

क तर लगेच ओळखू आली. "हे माझी," गार्डसाहेब म्हणाले. "खोकल्यावर चांगली आहे." सगळ्यांनी तिला सहाच्या आसपास गुण दिले.

ख गढूळ होती. तळाशी गाळ, वास नाकात चढणारा आणि चव अशी आंबट की डोळे आपोआप मिटले. मी वर पाहिलं तर सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट लिहिलेली होती: ही वहिनींची. घरगुती गोष्ट आणखी कशी असणार?

"वा," मित्र म्हणाला. "किती प्रामाणिक! यात कसलाही दिखावा नाही. सतरा."

"आंबटपणा कसा ताजा आहे," त्याची बायको म्हणाली. "माझे सोळा."

"अठरा घ्या माझ्याकडून," गार्डसाहेब पाणी पीत म्हणाले.

मी व्यवसायाने केमिस्ट. मीही सतरा दिले. बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

राहिली ग. ती हिशेबाने रशियाचीच असणार. आमची तिघांचीही पाठ एकदम ताठ झाली. तीन वर्षं ऐकलेल्या चेरीची परतफेड करण्याची संधी पुन्हा येणार नव्हती.

"रंग चांगला आहे," मित्राची बायको म्हणाली. "बस, तेवढंच. साखर जास्त झाली."

"पहिला घोट बरा वाटतो," मी म्हणालो, "पण मध्येच पातळ होते."

गार्डसाहेबांनी ग्लास नाकाशी धरला, पुन्हा एक घोट घेतला आणि म्हणाले, "साहेब, राग नका मानू. पण हे फाटक उघडता उघडत नाही, अन् मागून मेथी येऊन राहिली."

"मेथी नाही," मित्र शांतपणे म्हणाला. "तो ओक आहे. त्याआधी चेरी लागली असेल तुम्हाला. ओली मातीही. माझे एकोणीस."

आमचे आठ, नऊ आणि आठ. मी बेरीज करून चाराने भागलं. ख सतरा, ग अकरा, क सहा.

"पक्कं?" बायकोने विचारलं. "आता कोणी बदलणार नाही ना?"

"लॅबचा नियम," मी म्हणालो.

"मग ऐका. ग माझी."

गार्डसाहेबांना हसू फुटलं, आणि लगेच भानावर येऊन ते म्हणाले, "वैनी, ते मेथीचं मी उगाच बोललो. माझे पंधरा लावा."

"खबरदार, भाऊजी," बायको म्हणाली. "मले अकरा भेटले, ते माझे अकरा आहेत. त्याले कोणी हात नाही लावायचा."

मित्राची बायको ख चा ग्लास उन्हात धरून बघत होती. "तीन वर्षं मी या बाटलीवरची धूळ पुसून राहिली," ती नवऱ्याला म्हणाली, "अन् आत असं चालू होतं!"

मित्राने ग्लास तिच्या हातातून घेतला, आणखी एक घोट घेतला, गिळायला जरा वेळ लावला आणि म्हणाला, "काही असो, पहिला नंबर माझ्याच बाटलीचा आला. सर्वानुमते." चेरीबद्दलही तो हटला नाही. वहिनींच्या वाइनमध्ये चेरी आहे, आपले एकोणीस कायम आहेत, असं तो निघताना फाटकापर्यंत सांगत होता.

मी नंतर विचार केला. आमच्या आठात थोडा सूड होता आणि त्याच्या एकोणिसात थोडा गर्व. सरासरी काढली की ते एकमेकांना खाऊन टाकतात. लॅबमध्ये याहून वेगळं काही चालत नसे.

पाहुणे गेल्यावर बायकोने बरणी खाली घेतली आणि तोंड आत घालून वास घेतला. "मेथीच आहे," ती म्हणाली. आंब्याच्या लोणच्याची बरणी. राखेने घासली होती, उकळत्या पाण्याने धुतली होती, उन्हात वाळवली होती, तरी लोणचं गेलं नव्हतं. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. साखर जास्त, मध्ये पातळ, मागे मेथी. पुढच्या जांभळांना काय करायचं ते तिला आता माहीत होतं. त्या आठवड्यात दुर्गच्या बाजारातून नवी बरणी आली, आणि तिला लोणच्याचा वारा लागू नये म्हणून ती देवघराच्या बाजूला ठेवली गेली.

जुन्या बरणीत लिंबाचं लोणचं घातलं. महिन्याभराने गार्डसाहेब जेवायला आले. त्यांनी फोड तोंडात टाकली आणि ते थबकले.

"याले काहीतरी येगळाच वास येऊन राहिला, वैनी," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून घाईने जोडलं, "म्हणजे, चांगला."

"वास राहू द्या, भाऊजी. मार्क सांगा."

त्यांनी फोड या गालातून त्या गालात फिरवली. "बारा," ते म्हणाले. "साल अजून कच्चं आहे."

बायकोने मान डोलावली, त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि बरणी उचलून पुन्हा उन्हात नेऊन ठेवली.