सहादूच्या रानातली वाईन

काष्टीच्या पुढं, घोडच्या कालव्याला लागून असलेल्या वस्तीवर सुमनबाई नांदायला आली तेव्हा तिथं ऊस होता. मग कांदा झाला. आणि तिची एकुलती एक लेक वृषाली बारावीला गेली त्या साली नवऱ्यानं, सहादूनं, एक एकर द्राक्ष लावली, तीही वाईनची. लांबच्या एका कारखान्याशी त्यानं तसा करार केला होता. बारका मणी, जाड साल, आत बियाच बिया. भावकीनं लगेच नाव ठेवलं, 'दारूची बाग'.

सुमनबाईच्या माहेरी-सासरी दारूला कुणी शिवलेलं नव्हतं. पण बागेत ती रमली. दोन्ही छाटण्या, विरळणी, तोडणीला पंधरा बायकांची टोळी, सगळं तिच्या हाताखाली चालायचं. सहादूकडं चाखायचं काम. कारखान्याचा माणूस गोडी मोजायचं यंत्र घेऊन यायचा, पण त्याच्या आधी सहादू चार ओळींतले चार मणी तोंडात टाकायचा, बिया दाताखाली फोडायचा आणि सांगायचा, अजून सहा दिवस. यंत्र बहुतेक वेळा त्याच्याच बाजूनं बोलायचं.

एका दिवाळीला तोच माणूस एक बाटली घेऊन आला. फक्त तुमच्या रानातल्या मालाची आहे, म्हणाला. बाटलीच्या कागदावर गावाचं नाव आणि गट नंबर छापला होता. सहादूनं तो कागद आल्या-गेल्या सगळ्यांना वाचून दाखवला. बाटली आडवी, अंधारात, थंड जागी ठेवा असं सांगितल्यामुळं त्यानं ती बाजरीच्या कोठीत ठेवली. आणि ही वाईन मुंबईच्या फिरायच्या जहाजावरसुद्धा जाते, हेही तो माणूस बोलून गेला. सहादूनं समुद्र पाहिला नव्हता. "आपून जाऊ एकदा," तो सुमनबाईला म्हणाला. "तितंच फोडू ही. दोघंच." ती हसली आणि दिवाळीच्या कामाला लागली.

पुढं दोन वर्षांनी कारखान्यानं माल घेणं थांबवलं. ती द्राक्षं बाजारात कोण खाणार? बाग काढली, लिंबं लावली. लिंबांचं बरं चाललं. नवराबायकोत बागेचा विषय निघेनासा झाला.

मग एका ऑक्टोबरात सहादू सकाळीच छाटणीची कात्री घेऊन रानात गेला आणि दुपारी परत आला तो दोन्ही हात लिंबांच्या काट्यांनी ओरबाडलेले. द्राक्षाचा मांडव कुणी नेला, असं तो विचारत होता. सुमनबाईनं हातांना हळद लावली. तिला वाटलं, उन्हानं झालं असेल. पण पुढच्या आठवड्यात तो काष्टीच्या बाजारातून घरी यायची वाट विसरला. नगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि वृषालीला बाजूला घेऊन सांगितलं, हे वाढत जाणार, औषधानं फार तर सावकाश वाढेल.

वृषाली नगरला सावेडीत राहते, शाळेत शिकवते. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, महेंद्रनं, आपसात बोलून ठरवलं, अण्णा आपल्याला ओळखतायत तोवर त्यांना जहाजावर नेऊन आणायचं. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. सहादूला सांगितलं तेव्हा तो थेट कोठीपाशी गेला, खांद्यापर्यंत हात बाजरीत घातला आणि बाटली काढली. सकाळी काय खाल्लं ते त्याला सांगता येत नव्हतं, पण बाटली कुठं आहे हे बरोबर ठाऊक होतं. सुमनबाईला त्या दिवशी फार बरं वाटलं. तिनं बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली.

बंदरावर बॅगा यंत्रातून गेल्या आणि त्यांची एकच बाजूला काढली गेली. तपासणीच्या टेबलावर एक पोरगी होती. तिनं लुगडं सोडलं. बाहेरची दारू, वाईन, काहीच आत नेता येत नाही, जहाजाचा नियम आहे, असं तिनं सांगितलं. बाटलीला चिठ्ठी लावून ठेवून घेऊ आणि उतरायच्या सकाळी परत देऊ. वृषालीनं नियम वाचलेच नव्हते. ती वाद घालायला लागली तसा सहादू पुढं झाला.

"माझ्या रानातली हाय," तो म्हणाला. "वाचा की, गावाचं नाव हाय."

पोरीनं बाटली फिरवून खरंच वाचलं. "काका, परत मिळेल तुम्हाला," ती हळू बोलली. "पण आत नाही सोडता येणार."

सहादूनं पावती घेतली, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि मुकाट्यानं चालू लागला. त्याला भांडता आलं असतं तर बरं झालं असतं, असं सुमनबाईला वाटलं.

जहाज म्हणजे एक गावच होतं. दुकानं, पोहायचं तळं, गालिचे, जिन्याला सोनेरी कठडे. सुमनबाई थक्क झाली, पण बघायला तिला उसंत नव्हती. सहादू घटकेघटकेला विचारायचा, बाटली कुठं हाय. ती सांगायची, खाली ठेवलीय, परत देणार हायेत. तो मान डोलवायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. पहिल्या दिवशी तिनं पन्नासदा सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी सगळे वरच्या डेकवर समुद्र बघत उभे होते. चहूबाजूंनी पाणी, कुठंच जमीन नाही. तिनं हौसेनं त्याला दाखवलं, अवो बघा तरी. त्यानं समुद्राकडं पाठ केली आणि विचारलं, "बाटली कुठं हाय?"

"न्हाई बाटली!" ती एकदम ओरडली. "गेली! बाग गेली तशी गेली!"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. सहादू पोरासारखा दचकला आणि कठड्याला धरून उभा राहिला. सुमनबाई खोलीत गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

आईची ती अवस्था बघून वृषाली जेवणघराच्या मुख्य माणसाकडं गेली. तो गोव्याचा, पन्नाशीचा, मराठी बोलणारा. नियम मोडता येणार नाही म्हणाला, पण सगळी हकिकत ऐकून घेतली आणि वर जाऊन विचारून आला. बाटली खोलीत देता येणार नव्हती. मात्र शेवटच्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तो स्वतः ती उघडून वाढेल, त्याचा जो काही आकार असेल तो भरायचा, एवढी परवानगी मिळाली होती.

शेवटच्या दिवशी सुमनबाईनं सहादूला धुतलेलं धोतर आणि नवा सदरा घातला, डोक्याला टोपी दिली. सात वाजता सगळे जेवायला बसले. गोव्याच्या माणसानं बाटली पांढऱ्या रुमालात धरून आणली. आधी सहादूला कागद दाखवला, मग बूच काढलं. बूच नाकाला लावताच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. तो सुमनबाईच्या कानाशी वाकला. "मावशी, ही बिघडली आहे. उन्हाळे सोसले नाहीत तिला. दुसरी आणू का? त्यांना कळायचं नाही."

सुमनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो ताठ बसून वाट बघत होता.

"हीच वाढा," ती म्हणाली.

दोन पेल्यांत दोन बोटं वाईन पडली. सुमनबाईनं आयुष्यात पहिल्यांदा ओठाला लावली. नुसता शिरका. गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सहादूनं घोट तोंडात धरला, गालात फिरवला, डोळे मिटले. गेल्या कित्येक महिन्यांत त्याचा चेहरा एवढा शांत तिनं पाहिला नव्हता.

"आंबट हाय," तो म्हणाला. "लवकर तोडली. आजून आठ दिस ऱ्हायला पायजे हुती."

सुमनबाईचा हात पेल्यावरच थांबला. तो माल वृषालीच्या लग्नाच्या सालचा होता. सहादू आठ दिवस थांबा म्हणत होता. घरात पाहुणे येणार, नंतर टोळी मिळणार नाही, म्हणून तिनं हट्टानं तोडणी काढली होती. त्यावरून दोघांत दोन दिवस अबोला होता. ती ते केव्हाच विसरून गेली होती.

"कुनी घाई केली?" तिनं विचारलं.

"आमच्या मंडळींनी." तो तिच्याकडं बघून, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं हसला. "पोरीचं लगीन हुतं वो, बाई. तिचं तरी काय चुकलं? मीच अबोला धरला. तसं कराया नको हुतं."

वृषाली उठायला लागली. महेंद्रनं तिला धरून बसवलं. सुमनबाई सहादूकडं सरकून बसली.

"कुठं हायेत तुमच्या मंडळी?"

"वस्तीवर. एकलीच हाय." सहादूनं पेला खाली ठेवला आणि दाराकडं बघितलं. "मला जायला पायजे. अंधार पडला की भेती ती."

"जाऊ की," सुमनबाई म्हणाली. "मी पन तिकडंच चाललीय."

दुसऱ्या दिवशी ते उतरले आणि घरी आले. वस्तीवर आल्यावर सहादूनं सगळ्या खोल्या धुंडाळल्या, गोठ्यात बघितलं, कालव्यापर्यंत जाऊन आला. त्यानंतर सुमनबाईला तो कधी ओळखायचा, बहुतेक वेळा नाही. वृषालीनं सांगितलं, आई, त्यांना पुन्हा पुन्हा सांगत जा, मीच तुमची बायको. सुमनबाईनं तसं आठ दिवस केलं. प्रत्येक वेळी तो ओशाळायचा, घाबरायचा, काहीतरी मोठी चूक झाली असं वाटून हात जोडायचा. मग तिनं सांगणं सोडून दिलं. तो 'बाई' म्हणायचा, ती ओ द्यायची. भाकरी कुस्करून द्यायची, अंघोळ घालायची. त्यालाच परक्या बाईसमोर संकोच वाटायचा म्हणून ती मान वळवून पाणी घालायची.

सव्वा वर्षानं, लिंबाच्या तोडणीच्या दिवसांत, ओसरीवर बसल्याबसल्या तो गेला. त्या सकाळी त्यानं तिला विचारलं होतं, "बाई, तुमी इतं किती दिस राबनार? तुमच्या घरची वाट बघत असतील." घरी कुनी न्हाई, असं ती म्हणाली होती. त्यावर तो म्हणाला, मग ऱ्हावा की इतंच, आमची मंडळी काई म्हननार न्हाई.

दहाव्यानंतर वृषाली तिला सावेडीला न्यायला आली, रिक्षा दारात थांबवूनच. सुमनबाई गेली नाही. ती आजही वस्तीवर एकटीच राहते.