कॅप्टनची अंगठी माझ्या खिशात

चार माणसं एका तंबूत चार महिने राहिली की किस्से साचतातच. त्यात एक विमान असलं, मग तर विचारूच नका! आजही कुणाच्या लग्नाला गेलो की मांडवात कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, ते विमानाचं सांगा की!" मी सांगतो. लोक पोट धरून हसतेत. आमची ही मात्र बायकांच्या घोळक्यातनं ओरडते, "हसू नका ओ, अजून झोपेत दचकून उठतेत ते!"

खरं आहे. मी मुळातच भित्रा माणूस. तुळजापूरचा, पुजाऱ्याच्या घरातला, आधी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. मराठवाडा महाराष्ट्रात येऊन थोडीच वर्षं झालती. कपाशीवर विमानातून औषध फवारायचं म्हणून भूमच्या बाजूला एका माळावर हैदराबादहून विमान उतरलं, आणि मला त्या टोळीचा मुकादम केलं. का, तर म्हणे मास्तरला शिस्त असते!

टोळीत आम्ही चौघं. विमान चालवणारे कॅप्टन सरदेसाई, पुण्याचे, गोरेपान, बोलायला गोड. इंजिन बघणारे मेहबूबचाचा, उस्मानाबादचे, निजामाच्या काळापासून मोटारी उघडून बसलेले. गणपा नावाचा तिथल्याच गावचा झेंडेवाला. आणि मी.

*

झेंडेवाला म्हणजे काय, ते आधी ऐका. विमानातल्या माणसाला वरून काय कळणार, कुठली ओळ फवारली आणि कुठली राहिली? म्हणून वावराच्या दोन टोकांना दोन माणसं पांढरे झेंडे घेऊन उभी. विमान एका झेंड्यावरून निघून दुसऱ्या झेंड्याच्या नाकावर नेम धरून येणार. डोक्यावर येता येता बाजूला पळायचं, वीस पावलं मोजायची, पुन्हा झेंडा वर.

पहिल्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी हे सगळं नीट समजावलं. गणपानं डोकं खाजवलं आणि विचारलं, "आन् साहेब, म्या हाललोच न्हाय तर?"

"तर तुझी टोपी मी चाकाला अडकवून परत आणून देईन!"

दुसरा झेंडेवाला मिळेना, म्हणून दुसऱ्या टोकाला मीच. विमान समोरून आलं. आधी आवाज, मग दोन चाकं, मग काहीच नाही. डोळे उघडले तेव्हा मी पालथा होतो आणि औषधानं डोक्यापासून पायापर्यंत भिजलेलो. संध्याकाळी चाचा म्हणाले, "मास्तर, किड्यांका मालूम नहीं, पर तुमे तो पूरे मर गये!"

*

त्याच दिवशी अंगठी सुरू झाली.

विमानात चढायच्या आधी कॅप्टनसाहेब डाव्या हातातली अंगठी काढत आणि माझ्या हातात देत. उतरताना अंगठी पत्र्यात अडकून त्यांच्या एका दोस्ताचं बोट गेलं होतं म्हणे. अंगठीबरोबर पाकीटही द्यायचे. पाकिटात एका लहान मुलीचा फोटो, आणि एका चिठ्ठीवर बाईसाहेबांचा पुण्याचा पत्ता.

मी विचारलं, "पत्ता कशाला साहेब? तुम्हाला पाठ नाही का?"

"मला आहे हो. तुम्हाला हवा ना!"

हसत म्हणाले. मला हसू आलं नाही. मी अंगठी रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवायचो आणि विमान वर असेपर्यंत खिसा चाचपत राहायचो. उतरले की ते मोकळा डावा तळहात पुढं करायचे, मी त्यावर अंगठी ठेवायचो, की मग माझ्या जिवात जीव. ही अंगठी घेऊन पुण्याला त्या पत्त्यावर जायची पाळी आपल्यावर येऊ नये, एवढंच मी रोज सकाळी तुळजापूरच्या आईला हात जोडून मागायचो.

*

एकदा भूमच्या बाजाराच्या दिवशी गणपा उशिरा आला. त्याच्या टोकाला झेंडा नाही, आणि कॅप्टनसाहेब तर उडालेले. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारबा निघाले. पांढरं धोतर, पांढरा फेटा, खांद्यावर पांढरं उपरणं. विमान बघायला जागच्या जागी थांबले.

झालं! साहेबांनी नेम धरला.

म्हातारबांच्या डोक्यावरून औषधाचा पाट गेला. ते पळाले. साहेबांना वाटलं, झेंडेवाला पुढच्या ओळीला चालला. पुन्हा नेम! म्हातारबा ज्वारीत शिरले, विमान ज्वारीवर. म्हातारबा ओढ्याकडं, विमान ओढ्याकडं. शेवटी बिचारे करवंदीच्या जाळीत घुसले आणि तिथनं देवाचा धावा करायला लागले.

साहेब उतरले ते चिडूनच. "मास्तर, तुमचा झेंडेवाला फार हलतो हो!"

मी सगळं सांगितलं. साहेब आधी हसले. बराच वेळ चहा तसाच हातात. मग म्हणाले, "पांढरं दिसलं की मी झेंडाच बघतो, मास्तर. बाकीचं डोळ्याला दिसतच नाही." ते ऐकून मला जास्तच भीती वाटली.

*

तेलाचा काटा हा दुसरा प्रकार. टाकीत पेट्रोल किती, ते दाखवणारा काटा बिघडलेला होता. चाचांनी साहेबांना हे दोनदा सांगितलेलं, माझ्यासमोर. म्हणून चाचा रोज टाकीत काठी बुडवून बघायचे.

एक दिवस ढग भरून आले. पाऊस यायच्या आत एक वावर उरकावं म्हणून साहेब घाईत. चाचा काठी घेऊन धावले, तर साहेब म्हणाले, "राहू द्या चाचा, काटा अर्ध्यावर आहे!" आणि गेलेसुद्धा.

पाऊण तास झाला. विमानाचा आवाज एकदम थांबला. तुळजापूरच्या रस्त्याच्या बाजूला ते खाली खाली जाताना दिसलं, मग झाडांमागं दिसेना. चाचांनी जीप काढली. मी खिशावर हात दाबून बसलो होतो.

जाऊन बघतो तर काय, विमान भर रस्त्यात धड उभं! समोर यष्टी थांबलेली, देवीला निघालेली बायामाणसं खाली उतरलेली, आणि एका आजींनी विमानाच्या नाकाला हळदकुंकूसुद्धा लावलेलं. कंडक्टर साहेबांना म्हणत होता, "आत जागा न्हाय साहेब, टपावर बसा. पन ह्ये धूड बाजूला घ्या आदी!"

साहेब पांढरेफटक. चाचांना बघून म्हणाले, "अहो, काटा अर्धा दाखवत होता!"

"काटा तो हैदराबादसे अर्धाच दिखाताय, साब!"

*

त्या दिवसानंतर साहेबांनी एक नियम केला. म्हणाले, "वर गेलं की डोकं निम्मं इथंच राहतं. डोक्यावर भरवसा नाही." रोज सकाळी माझा पेन मागायचे आणि डाव्या तळहातावर त्या दिवसाचा धोका लिहायचे. कधी 'विहिरीजवळ बाभळ', कधी 'काटा खोटा'. फवारताना डावा हात डोळ्यासमोरच असायचा, वळताना नजर गेली की वाचायचे. महिनाभर काही म्हणजे काही झालं नाही. माझी झोप परत आली. बायकोला पत्रात लिहिलं, आता काळजी नाही.

*

मग औषधानं दणका दिला. एका संध्याकाळी साहेबांना उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढं अंधारी. चाचांची बोटं बधिर. हे औषध म्हणजे विषच, कातडीतून आत जातं. डॉक्टर आले, त्यांनी आम्हाला फैलावर घेतलं. आठवड्यानं वरच्या हापिसातून कोपरापर्यंतचे जाड हातमोजे आले आणि सक्त हुकूम आला, मोज्याशिवाय कुणी उडायचं नाही.

आम्ही सगळे खूष. मी तर हातमोज्यांना नमस्कार केला!

*

गणपाचं सांगायचं राहिलंच. धोका असला तर दाखवायला आमच्याजवळ एकेक लाल झेंडाही असायचा. लाल दिसला की साहेब विमान वर उचलणार.

गणपाला हे लई आवडलं. एका सकाळी साप दिसला, लाल झेंडा. कुत्रं आडवं आलं, लाल झेंडा. पायात काटा मोडला, लाल झेंडा! चौथ्यांदा साहेब थेट उतरूनच आले. "आता काय?"

"काय न्हाय साहेब, आमची मंडळी भाकरी घिऊन आली. म्हनलं, दोन घास खाऊ."

साहेबांनी हात जोडले. "गणपतराव, यापुढं तुमचा लाल झेंडा दिसला तरी मी वळून बघणार नाही. शप्पथ!"

माणूस शब्दाचा पक्का. खरंच बघायचे नाहीत. नंतर एकदा मीसुद्धा लाल दाखवला, तर डोक्यावरून तसेच गेले.

*

आता ते एक सांगतो आणि थांबतो.

एका वावराच्या उगवतीच्या टोकाला विहिरीवर मोटर बसवायची होती. खांब आधीच रोवलेले. आदल्या संध्याकाळी वीजवाल्यांनी त्यावर तार ओढली. मी आणि साहेब दोघं जाऊन बघून आलो. तार अर्ध्याच वावराच्या टोकावरून जात होती, दुसरं अर्धं मोकळं. साहेब म्हणाले, "आधी मोकळं अर्धं घेऊ. ते संपलं की मी पंख हलवीन. म्हणजे समजा, तार माझ्या लक्षात आहे. मग मी लवकर वर उचलत जाईन."

सकाळी माझाच पेन घेऊन त्यांनी तळहातावर लिहिलं. मी बघितलं. अंगठी दिली, पाकीट दिलं, मोजे चढवले, गेले. मी निवांत होतो.

गणपा मावळतीच्या टोकाला, मी उगवतीच्या. साहेब माझ्याकडं यायचे तेव्हा सूर्य समोरून त्यांच्या डोळ्यांत. एक फेरी, दुसरी, सहावी. मोकळं अर्धं संपलं. विमान माझ्या डोक्यावरून गेलं, वळलं.

पंख हलले नाहीत.

मी वीस पावलं सरकलो आणि वर बघितलं. तार बरोबर माझ्या डोक्यावर. उन्हात मला खालूनसुद्धा नीट दिसत नव्हती. गणपाकडून वळून ते आता माझ्याच नाकावर येणार होते.

लाल झेंडा दाखवावा, तर ते बघणार नाहीत. पळावं, तर माझ्याच मागं येणार, म्हातारबांसारखं. पळून पळून किती पळणार? तिकडं गणपाच्या डोक्यावर विमान आडवं झालं. हात खिशावर गेला, अंगठी लागली. त्या पोरीचा फोटो आठवला. पत्ता तर तोंडपाठ होता.

आणि एकच सुचलं. पांढरं दिसलं नाही, तर हा माणूस येणार नाही!

झेंडा खाली टाकला. टोपी काढली. शर्ट फाडूनच काढला. धोतर सोडलं. सगळं पोटाखाली कोंबलं आणि नुसत्या लंगोटावर कपाशीत पालथा पडलो. आवाज जवळ आला, आणखी जवळ आला. मी कानात बोटं घातली, डोळे मिटले आणि आईचं नाव घेत राहिलो.

आवाज अर्ध्या वावरातच वर गेला. एक घिरटी झाली, दुसरी झाली. मग विमान माळाकडं गेलं.

मी तसाच पडून होतो. जीप आली. साहेब उडी मारून उतरले, मागून चाचा.

"मास्तर! अहो, लाज आहे का? वर मी जीव मुठीत घेऊन फिरतोय आणि तुम्ही इथं उघडेबंब लोळताय? गणपाचं समजू शकतो, तुम्ही शिकलेले ना?"

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. बोट वर करायला गेलो, तर तेही हलेना.

"बस झालं! आजचं काम बंद. आणा माझी अंगठी!"

त्यांनी डावा मोजा ओढून काढला आणि तळहात माझ्यासमोर धरला.

घामानं शाई जराशी फुटली होती, पण अक्षर स्वच्छ होतं. 'उगवतीला नवी तार.'

मी ते वाचलं. चाचांनी वाचलं. मग आम्ही दोघं कुठं बघतोय म्हणून साहेबांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. आणि मग हळूच मान वर केली.

मी पोटाखालच्या शर्टातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि अंगठी त्या अक्षरांवर ठेवली. ती तिथं ठरेना. साहेब अजून वरच बघत होते, हात कलला आणि अंगठी खाली कपाशीत पडली.

आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून ती शोधायला लागलो. खूप वेळ शोधली. पुन्हा वर बघायची छाती तिघांपैकी एकाचीही झाली नाही.