हौसाआत्याच्या दोन बस

हौसाआत्या गेल्याचं कळलं तेव्हा मी ऐरोलीला, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. जेवण होईस्तोवर घरच्या ग्रुपवर गुलाबांच्या चित्रांची रास पडली. एका लांबच्या काकांनी लिहिलं, ‘शांत, प्रेमळ व्यक्तिमत्त्व हरपलं.’ शांत! हा माणूस आत्याच्या दिघ्यातल्या खोलीत कधी फिरकला तरी होता का? तिच्याकडे कोणी चहाला नको म्हटलं तरी सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. महिना होत आला, त्या गुलाबवाल्यांपैकी एकाबद्दलही मला आदर वाटत नाही. स्वतःबद्दल तर त्याहून नाही.

आत्या साताऱ्याकडची, वाशीच्या मार्केटात माथाडी असलेल्या नवऱ्यामागे इकडं आलेली. तिची धाकटी बहीण, शालनआत्या, गिरगावात दिलेली. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, दिघ्यात महिनाभर अंथरुणाला खिळून गेली आणि शालनआत्या उगवली ती थेट तेराव्याला. का, ते तिनं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. मात्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हौसाआत्या भाकरीचं गाठोडं घेऊन गिरगावला निघायची, ‘आज सोडत न्हाय तिला’ असं गल्लीभर सांगून. सायनपर्यंत एक बस, पुढे दुसरी, तीन तास. मी दोनदा सोबत गेले. ऐरोलीपर्यंत बहिणीला शिव्या, मग कंडक्टरला, वाशीच्या खाडीपुलावर पुढच्या सीटवरच्या बाईच्या साडीला, सायनच्या ट्रॅफिकमध्ये अख्ख्या मुंबईला... दादरच्या पुढे शब्द संपायचे. लालबागला डुलकी. गिरगावात कंबर धरून उतरताना एकच विचारायची, ‘शालीनं चहा टाकला आसंल का गं?’

मला हा सगळा गावठी वेळकाढूपणा वाटायचा. मिनिटं वाचवणं म्हणजेच अक्कल, असा आमच्या ऑफिसातल्या शहाण्यांचा समज आहे आणि त्यात मी पहिली. भुयारी मेट्रो गिरगावपर्यंत सुरू झाली तशी मी आत्याच्या मागेच लागले. ती म्हणाली, जमिनीखालनं जायाला मी काय घूस हाय? तरी नेलंच. टॅक्सीनं बीकेसी, तिथून खाली. सरकत्या जिन्याला तिनं दोन शब्द ऐकवले, मग गार डब्यात गप्प बसली. खिडकीबाहेर नुसता काळोख, शिव्या द्यायला काही दिसतच नव्हतं... मला वाटलं, आवडलं हिला.

सव्वा तासात आम्ही दारात. शालनआत्या हसली, एवढ्या लवकर कशा म्हणाली. मेट्रोनं, मी मिरवत सांगितलं. चहाचं आधणसुद्धा चढलं नव्हतं. हौसाआत्या चपला न काढताच बोलली.

‘आई तुजी वाट बगत मेली, शाले. दाराकडं तोंड करून.’

इतकी वर्षं तीन तासांच्या रस्त्यावर सांडत आलेलं ते वाक्य मी सव्वा तासात जसंच्या तसं पोचवलं होतं. शालनआत्यानं दार लावून घेतलं. पुढे पहिला रविवार आला की आत्या गाठोडं बांधायची आणि पुन्हा सोडायची. मला एकदाही म्हणाली नाही, चल. दोघींच्या मध्ये पडायचं काम माझं होतं, पण मला म्हणे वेळ नव्हता. चार महिन्यांनी झोपेतच गेली.

शालनआत्या दहाव्यालाही आली नाही, तेराव्यालाही नाही. माझं डोकंच सटकलं. लाज कशी वाटत नाही, हे तोंडावर विचारायचं ठरवून परवाच्या रविवारी, महिन्याचा पहिलाच तो, मी निघाले. टॅक्सीसाठी मोबाइल काढला आणि परत पर्समध्ये टाकला. दिघ्याला जाऊन बस पकडली. ऐरोलीपर्यंत शालनआत्याला मनातल्या मनात फाडून खाल्लं. खाडीपुलावर ग्रुपवरच्या काकांना. सायनला स्वतःवर आले, आणि ते लालबागपर्यंत पुरलं. मग डोळा लागला.

गिरगावात उतरले तेव्हा कंबर धरली होती. दार शालनआत्यानंच उघडलं. पार वाळली होती. माझ्या तोंडाकडं बघत दार अडवून उभी राहिली.

‘कशानं आलीस?’

‘बसनं.’

ती बाजूला झाली.

‘मग ये,’ म्हणाली. ‘चहा टाकलाय.’