पेरू कशानं वाळला

माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, सुईला भयंकर भितात. किडनीत गाठ, फुफ्फुसात डाग, कॅन्सर आहे, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तरी हा माणूस म्हणे, "आधी धान निघू दे, मंग पाहू." अन् लाखनीला घरी येऊन बसला.

मग काय, काढ्यांची रांग लागली. सानगडीची आत्या पाल्याचा पाठवी, शेजारीण सालीचा, अन् सासूबाई कशाचा उकळत ते देवच जाणे! मामाजी ग्लास घेऊन न्हाणीमागं जात अन् तोंड वाकडं करत परत येत.

धान निघाल्यावर आम्ही त्यांना ओढतच तपासायला नेलं. डाग गायब, गाठही आटलेली! डॉक्टर म्हणाले, "असं फार क्वचित होतं. का होतं, ते आम्हालाही कळत नाही."

सासूबाईंना मात्र कळलं. न्हाणीमागचा पेरू त्याच दिवसांत उभा वाळला होता. "त्यानं यांचं दुखणं सोतावर घेतलं!" झालं. वाळक्या पेरूला कुंकू, नाडा, नारळ. सानगडीहून माणसं दर्शनाला येऊ लागली, अन् त्यांच्यासाठी चहा करून करून माझी कंबर मोडली.

पुढच्या वर्षी माझ्याच छातीत गाठ निघाली. तीही कॅन्सरचीच. "वेळेत आलात, ऑपरेशन करू," डॉक्टर म्हणाले. घरी आले तर सासूबाई अंगणातल्या सीताफळाला नाडा बांधत होत्या.

"कायले कापाकापी? हे झाड घेईल नं तुझं दुखणं."

नवराही मान डोलवू लागला. अन् मी इतकी भ्याले होते की, खोटं कशाला बोलू, मलाही ते झाड बरं वाटायला लागलं.

मामाजी खाटेवरून उठले. "थांब वं. तुमचे समदे काढे मी रोज त्या पेरूच्या बुडात ओतत होतो."

"अजी! अन् मी त्याच्यापुढं एवढे नारळ फोडले!"

"मी कसा वाचलो ते मले माईत नाही, डाक्टरलेही नाही. पण पेरू कायनं मेला, ते मले पक्कं माईत आहे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, पिशवी भर. सकाळच्या गाडीनं जाऊ. मी येतो संगं."

दवाखान्यात सुई माझ्या हाताला टोचली अन् चक्कर मामाजींना आली. नर्सनं मला बाजूला सारून माझ्या खाटेवर त्यांनाच झोपवलं.

औंदा सीताफळ लदबदून आलं. पहिलं फळ मी खाल्लं.